ज्या बाजारात चेक बाउन्सची केस होत नाही

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आमच्या भागातल्या पॅकहाऊसमध्ये माल भरायला येणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतोय. निळ्या समुद्रात एक बोट सुसाट चाललीय, मग लखकन उजेड पडतो आणि बोट दिसेनाशी होते. सप्टेंबर 2025 पासून अमेरिकेनं कॅरिबियन समुद्रात ड्रग्ज नेणाऱ्या म्हणून ज्या बोटी उडवायला सुरुवात केली, त्यातलीच ही एक. पोरं म्हणतात, "एकच नंबर! यांना असंच पायजे." मागच्या आठवड्यात आपल्या अंकातही एका वाचकाचं पत्र आलं. भाषा जरा बरी होती, पण मुद्दा तोच. तिकडच्या लोकांनी पिकवायचं थांबवलं की प्रश्न मिटला, आणि थांबवत नसतील तर हाच इलाज.

त्या वाचकाला शेती नसावी. पिकवणारा आपल्या मनानं पिकवतो, असं शेती नसणाऱ्यालाच वाटतं.

मी मणेराजुरीचा. साडेतीन एकर द्राक्षबाग आहे, त्यातली दोन एकर निर्यातीची. वीस वर्षं होऊन गेली, माझा माल युरोपला जातो. म्हणजे पाठवतो निर्यातदार, मी नुसता पिकवतो. तो माल तिथं कितीला विकला गेला हे मला कधीच धड कळलेलं नाही, तेही सांगून ठेवतो.

2010 चा हंगाम आमच्या पिढीतल्या बागायतदारांना चांगला आठवत असेल. क्लोरमेक्वाट क्लोराईड नावाचं एक औषध आहे. आम्ही त्याला लिहोसिन म्हणायचो, कुणी सीसीसी म्हणायचं. खरड छाटणीनंतर शेंडा थांबावा आणि काडीत घड धरावा म्हणून वर्षानुवर्षं सगळेच मारत होतो. त्या वर्षी युरोपात तपासणीत मण्यांत त्याचा अंश सापडला. तोवर त्याची तपासणी करायची असते हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. कंटेनर तिकडं अडकले, पैसे बुडाले, निर्यातदार आडवे झाले आणि त्यांच्या मागं आम्ही. पुढच्या खरड छाटणीला औषधाच्या दुकानात ती बाटली कुणी हातात धरेना. पोलीस आले नव्हते की विमानं आली नव्हती. सात हजार किलोमीटरवरच्या गिऱ्हाईकानं "नको" म्हटलं आणि अख्ख्या तालुक्याची फवारणी बदलली.

मण्याची जाडी किती, घडाला मणी किती ठेवायचे, कुठलं औषध तोडणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, हे माझ्या बागेत मी ठरवत नाही, गिऱ्हाईक ठरवतं. आमच्याकडं म्हणायची पद्धत आहे की बागेची एक मुळी जमिनीत असते आणि दुसरी बाजारात. त्या बोटीच्या व्हिडिओत मला ती दुसरी मुळी कुठं दिसली नाही.

2023 च्या मे महिन्यात हंगाम संपल्यावर निर्यातदारानं आम्हा चौघांना हॉलंडला नेलं. रॉटरडॅम बंदराजवळच्या एका शीतगृहात आमची द्राक्षं उतरतात, ते दाखवायला. तिथला सुपरवायझर सुरीनामचा, पणजोबा बिहारमधल्या आरा भागातून ऊस तोडायला जहाजानं गेलेले. त्याची भोजपुरी आणि आमची रेल्वे स्टेशनवरची हिंदी, असं काहीतरी जुळलं. आमच्या द्राक्षाच्या कंटेनरशेजारीच इक्वाडोरहून आलेले केळ्याचे कंटेनर रांगेनं लागले होते. तसेच रीफर, म्हणजे माल गार ठेवणारे कंटेनर, तेच आकार, तशीच सीलं. मी सहज विचारलं, एवढी केळी खातात का हे लोक? तो हसला आणि म्हणाला, केळी तर खातातच, पण केळ्याच्या खाली काय येतं ते जास्त महाग असतं.

मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून आमच्यातला एकजण उभ्या जागी खाली बसला. केळ्याच्या खोक्यात, रीफरच्या मोटरमागच्या जागेत, कंटेनरच्या तळाच्या पोकळीत कोकेन लपवलेलं असतं. ते बंदरातून काढून बाहेर पोचवायला सोळा-सतरा वर्षांची पोरं कुंपणावरून आत शिरतात. कधी रिकाम्या कंटेनरमध्ये दोन-दोन, तीन-तीन दिवस लपून राहतात. त्याला तिथं 'हॉटेल कंटेनर' म्हणतात. आत हवा संपली आणि बाहेरून दार उघडलं नाही तर मरतात. शेजारच्या बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात त्या एका वर्षात, 2023 मध्ये, 116 टन कोकेन पकडलं गेलं. आमच्या हिशेबात सांगायचं तर द्राक्षाचे आठ-नऊ कंटेनर. आणि ते नुसतं पकडलेलं.

घेतं कोण, असं मी विचारलं. तो म्हणाला, वकील, बँकवाले, कॉलेजची पोरं, शुक्रवारी संध्याकाळी. मला आधी खरं वाटलं नाही. आल्यावर नातवाला शोधायला सांगितलं. तर युरोपातल्या मोठ्या शहरांत 2011 पासून दर वर्षी गटाराचं पाणी तपासतात. लघवीतून किती कोकेन गेलं ते त्यावरून काढतात, आणि अँटवर्प, ॲमस्टरडॅम या यादीत कायम वरच्या रांगेत. म्हणजे आमच्या औषधाचे रेसिड्यू (उरलेले अंश) ते मण्यात तपासतात आणि स्वतःचे गटारात. आमचा मणी नापास झाला तर कंटेनर परत. त्यांचं गटार नापास झालं तर अहवाल छापून येतो, एवढंच.

आता जिथून ती केळी येतात तिकडं बघा. ज्याच्या पाल्यापासून कोकेन बनतं त्या कोकाची लागवड इक्वाडोरमध्ये जवळजवळ नाहीच. बिचारा देश कोलंबिया आणि पेरू या दोन कोका पिकवणाऱ्या देशांच्या मधे बसलाय, आणि जगाला सगळ्यात जास्त केळी पाठवतो, एवढाच त्याचा दोष. युरोपला जाणारे केळ्याचे रीफर त्याच्या ग्वायाकिल बंदरातून निघतात, म्हणून माल त्या वाटेनं निघाला. माल निघाला म्हणून टोळ्या आल्या, बंदरावरचा हमाल कुणाचा आणि सीलवाला कुणाचा यावरून गोळ्या सुरू झाल्या. 2019 मध्ये त्या देशात वर्षाला लाखामागं सात-एक खून होत होते. 2023 मध्ये ते चाळीसच्या वर गेले. आम्ही हॉलंडहून परत आलो आणि तीनच महिन्यांनी, 9 ऑगस्ट 2023 ला, राष्ट्राध्यक्षपदाचे एक उमेदवार फर्नांडो व्हिलाव्हिसेन्सिओ यांना प्रचारसभेतून निघताना गोळ्या घातल्या. पुढच्या जानेवारीत बुरखे घातलेली पोरं ग्वायाकिलच्या टीव्ही स्टुडिओत बंदुका घेऊन घुसली आणि ते सगळं थेट प्रक्षेपणात दिसलं. तिथला केळीवाला काय करत असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याला रोज आपलाच कंटेनर भरताना भीती वाटत असेल, आणि कुणी येऊन "एक खोकं आमचं टाक" म्हटलं तर नाही म्हणायची सोय नसेल.

कोलंबियाचा कोकावाला शेतकरी आणखी आत, डोंगरात. तिथल्या कातातुंबोसारख्या भागात रस्ता नाही. केळी किंवा कसावा (साबुदाण्याचा कंद) लावला तर बाजारात पोचेपर्यंत सडतो. कोकाचा पाला वर्षातून तीन-चार वेळा तोडता येतो, त्याची पेस्ट करून पिशवीत घातली की झालं. आणि गिऱ्हाईक स्वतः दारात येतं. द्राक्षवाल्याला यातलं कुठलं वाक्य समजावून सांगायची गरज नाही. दारात येऊन रोख घेणाऱ्या व्यापाऱ्याला आम्ही कधी नाही म्हटलंय का?

पण मिळतं किती? एक किलो कोकेनला शेकडो किलो पाला लागतो आणि त्या सगळ्या पाल्याचे शेतकऱ्याला काही शे डॉलर मिळतात. 2023 च्या सुमाराला तीच किलो रॉटरडॅमला उतरली की वीस-तीस हजार युरोच्या घरात जायची, आणि पुढं ग्रॅमवर सुटी विकताना आणखी वर. मधला पैसा राहतो तो वाटेत बंदूक घेऊन उभे असणाऱ्यांकडं. फार्क नावाची डाव्या बंडखोरांची फौज 1964 पासून लढत होती, तिनं तर पेस्टच्या ग्रॅमवर करच बसवला होता. तिच्याविरुद्धच्या उजव्या टोळ्याही त्याच पैशावर पोसल्या. म्हणजे एका गावात दोन बाजूंनी लढणारे, आणि दोघांचाही पगार न्यूयॉर्क नाहीतर माद्रिदच्या शनिवार रात्रीतून. 2016 मध्ये फार्कशी करार झाला. त्या करारानुसार सत्यशोधन आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल 2022 च्या जूनमध्ये आला. 1985 ते 2018 या काळात त्या संघर्षात साडेचार लाख माणसं मारली गेली, असा त्यातला आकडा आहे. सगळी कोकेनपायी मेली असं नाही, जमिनीचं आणि राजकारणाचं भांडण त्याच्या आधीचं आहे. पण एवढं लांब लढायला पैसा लागतो, तो शेतसाऱ्यातून येत नाही.

करारानंतर सुमारे 99 हजार कुटुंबांनी कोका उपटून दुसरं पीक घ्यायच्या योजनेत नावं घातली. अनुदान रखडलं, रस्ते झाले नाहीत, आणि फार्क गेलेल्या जागी दुसऱ्या टोळ्या आल्या. (अनुदान रखडणं म्हणजे काय, हे इथल्या कुणाला सांगायला नको.) 2023 मध्ये कोलंबियात कोकाखाली 2 लाख 53 हजार हेक्टर होते, तोवरचा सगळ्यात मोठा आकडा. 2025 च्या जानेवारीत कातातुंबोत दोन टोळ्या भिडल्या तेव्हा काही दिवसांत पन्नास हजारांवर माणसांनी घरं सोडली.

आता माझी एक जुनी गोष्ट सांगतो, तीच या पत्राचं कारण आहे.

2012 साली मध्य प्रदेशातल्या एका व्यापाऱ्यानं माझा बेदाणा नेला. चार टनांच्या आसपास. तीन लाख ऐंशी हजारांचा चेक दिला, तो परत आला. फोन उचलायचा बंद झाला. आमच्या भागात हे नवं नाही, दर हंगामाला कुणाची ना कुणाची द्राक्षं नाहीतर बेदाणा घेऊन कोणतरी पसार होतं. पहिल्या रात्री माझा धाकटा भाऊ म्हणाला, चार पोरं घेऊन जाऊ आणि उचलून आणू. मलाही तसंच वाटत होतं. पण वकिलानं कलम 138 ची नोटीस काढली, तासगावच्या कोर्टात केस टाकली. चार वर्षं तारखा. शेवटी तडजोडीत दोन लाख साठ हजार मिळाले. घाट्याचा सौदा झाला, शिव्याही खूप दिल्या, पण कुणाचा पाय मोडला नाही.

कोकेनवाल्याचा माल बुडाला तर तो कुठल्या कोर्टात जाईल? तिथं चेक नाही, पावती नाही, वकील नाही. वजनात मारलं, भेसळ केली, पैसे थकवले, दुसऱ्याच्या गिऱ्हाईकाला माल दिला, यातल्या एकेका भांडणाचा निकाल गोळीनंच लागतो. आणि ज्याची गोळी जास्त खात्रीची त्याच्याकडं धंदा जातो. ती माणसं जन्मानं रक्तपिपासू आहेत असं लिहिणाऱ्या वाचकानं माझ्या भावाला त्या रात्री बघायला पाहिजे होतं. साधा माळकरी माणूस आहे तो.

त्याच वसुलीच्या नादात मी मार्च 2013 मध्ये मंदसौर-नीमचकडं गेलो होतो. व्यापारी भेटला नाही, पण अफूची शेतं बघितली. फुलं गळून बोंडं धरलेली. त्याला डोडा म्हणतात. दुपारी डोड्याला चीर पाडतात, रात्रभर पांढरा चीक पाझरतो आणि पहाटे उठून तांबूस झालेला तो चीक खरवडून काढतात. घरातली बाया-पोरं सगळी शेतात. ज्याच्याकडं मुक्काम होता तो शेतकरी रात्री राखण करत होता, नीलगायींची आणि पोपटांची. पोपटांना अफूची चटक लागते आणि ते डोडाच तोडून नेतात, असं म्हणाला. मी हसलो, तर तो म्हणाला, हसू नका, पोपटापायी उताऱ्याची सरासरी बसली नाही तर पट्टा जातो. पट्टा म्हणजे सरकारी परवाना. किती जमिनीत लावायचं ते सरकार ठरवतं, सगळी अफू सरकारच मोजून घेतं आणि ती औषधाच्या कारखान्याला जाते. ऑपरेशननंतर जे मॉर्फिन देतात ते यातूनच. सरकारी भाव कमी, म्हणून काहीजण थोडी मागं ठेवून चोरून विकतात, त्यावरून मारामाऱ्या-खूनही होतात. ते लपवत नाही. पण त्या गावात मी दोन रात्री निवांत झोपलो.

तेच झाड म्यानमारच्या शान प्रांतात आहे. तिथल्या डोंगरी शेतकऱ्याचा हातही तसाच चालत असणार, चीर पाडायची आणि पहाटे खरवडायचं. तिथं मात्र 1950 च्या सुमारास चीनमधून हरून आलेल्या सैन्यापासून आजच्या वांशिक फौजांपर्यंत ज्यानं त्यानं अफूवर, आणि अलीकडं मेथ या रसायनापासून बनणाऱ्या नशेवर, बंदुका घेतल्या. 2021 च्या फेब्रुवारीत लष्करानं सत्ता बळकावल्यावर शेतकऱ्याला दुसरं पीक विकायलाच जागा राहिली नाही. 2022 मध्ये अफगाणिस्तानात तालिबाननं अफूवर बंदी घातली. पुढच्या वर्षी तिथली लागवड 2 लाख 33 हजार हेक्टरवरून 11 हजारांच्या आत आली. बंदीवाले खूश झाले. पण त्याच वर्षी म्यानमार जगात पहिल्या नंबरवर गेला. एका बाजूला दाबलं की दुसऱ्या बाजूला फुगतं, कारण घेणारा जागचा हलला नव्हता.

आणि आपण फार सोवळ्यात असल्यासारखं बोलू नये. इंग्रजांनी चीनशी अफूसाठी दोन लढाया केल्या, ती अफू बिहारची आणि आपल्या माळव्याची. शिंदे-होळकरांच्या मुलखातली अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. मुंबईतली किती घराणी त्यावर उभी राहिली ते जाऊ दे.

मेक्सिकोबद्दल थोडक्यातच लिहितो, पत्र आधीच लांबलंय. 2006 च्या डिसेंबरात तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी टोळ्यांवर सैन्य घातलं. त्यानंतर एक लाखाच्या वर माणसं नुसती बेपत्ता आहेत, मेलेली वेगळी. गेर्रेरो या अफू पिकवणाऱ्या प्रांतात 26 सप्टेंबर 2014 च्या रात्री अध्यापक विद्यालयाची 43 पोरं उचलली गेली, बहुतेकांचा अजून पत्ता नाही. मेक्सिकोत पकडलेल्या ज्या बंदुकांचा माग काढला जातो त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेतून आलेल्या निघतात. म्हणजे माल वर जातो आणि बंदूक खाली येते. मग अमेरिकेतल्या व्यसनी लोकांना अफूपासून बनणाऱ्या हेरॉईनऐवजी कारखान्यात बनणारं फेंटानिल स्वस्त पडायला लागलं, आणि 2018 च्या सुमाराला गेर्रेरोतला अफूचा भाव कोसळला. डोंगरातला शेतकरी गाव सोडून निघाला. टोळ्या मात्र तिथंच राहिल्या. शेजारच्या मिचोआकान प्रांतात तर टोळ्या लिंबू-ॲव्होकॅडोवाल्यांकडून आधीपासूनच खंडणी घेत होत्या.

सगळं खुलं करा, असं मी म्हणत नाही. नातू पुण्यात कॉलेजला आहे, माझी झोप त्यावर अवलंबून आहे. पण बोट उडाल्यावर टाळ्या वाजवणाऱ्यांना एवढंच विचारायचंय की बोटीतल्या मालाचं बिल कुणी भरलं होतं?

हे सगळं परदेशातलं आहे असं वाटत असेल तर आपलीच 2024 पासूनची फाईल काढा. फेब्रुवारीत पुणे पोलिसांचा तपास कुपवाडपर्यंत आला, मेफेड्रोन (एमडी) नावाचं नशेचं रसायन सापडलं. त्या प्रकरणातला माल लंडनला जात होता असं पोलिसांनीच सांगितलं. मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत मुंबई पोलिसांनी कारखानाच पकडला, शंभर किलोच्या वर एमडी, किंमत अडीचशे कोटींच्या आसपास. इरळी आमच्या शेजारच्या तालुक्यात. 2025 च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वे इथंही तसाच कारखाना. उसाच्या फडात गांजा तर आता बातमीसुद्धा वाटत नाही. या प्रत्येक बातमीत आपण किलो छापले, कोटी छापले, आरोपींची नावं, गावं, रसायनांचे ड्रम, सगळं छापलं. माझी विनंती एवढीच आहे की आपल्या वार्ताहरानं एकदा त्या अडीचशे कोटींच्या पलीकडच्या टोकाला जावं. मुंबईत, पुण्यात, गोव्यात, लंडनमध्ये ते ग्रॅमनं घेणार कोण होतं, आणि त्यातल्या कुणाचा फोटो छापून आला का, ते लिहावं.

विनंतीमागं एक खाजगी कारणही आहे. बेदाण्याच्या रॅकशेजारी माझी पत्र्याची मोठी खोली आहे, माल भरून ठेवायची. 2023 च्या दिवाळीत दोघेजण मोटारीतून आले. एक आपल्याकडचाच, दुसरा हिंदी बोलणारा. तीन महिने खोली पाहिजे, महिना पन्नास हजार, लाईट मीटर तुमच्याच नावावर राहू दे, करार नको, आणि तिकडं कुणी फिरकायचं नाही. कशाला पाहिजे विचारलं तर म्हणाले औषधाचा कच्चा माल आहे. त्या हंगामात अवकाळीनं निम्मी बाग गेली होती, सोसायटीचा हप्ता डोक्यावर होता. खरं सांगतो, मी "बघू" म्हणालो. चहा ठेवायला आत गेलो तर बायको म्हणाली, करार नको म्हणणारा भाडेकरू कधी बघितलाय का तुम्ही? मी बाहेर येऊन नाही म्हटलं. ते काही बोलले नाहीत, चहा घेऊन गेले. इरळीची बातमी आली तेव्हा चार महिने झाले होते. तीच माणसं असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही.

यंदा मे महिन्यापासून पाऊस हटला नाही. काडीत घडच कमी निघालेत, निर्यातीचा माल होईलसं दिसत नाही. खोली रिकामी आहे.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
मणेराजुरी, ता. तासगाव, जि. सांगली